भिवराचे गाल आणि करडईची परी

जिथे गावाची वाट दमून थांबते आणि करडईची केशरी, काटेरी शेतं सुरू होतात, तिथे एक लाकडी तेलघाणा होता. घाण्याला एक बैल होता, ढवळ्या. ढवळ्याच्या मागे एक मुलगी होती, भिवरा. सूर्याचं पहिलं सोनेरी बोट कौलांना लागायच्या आत दोघांची चाल सुरू होई. गोल गोल, गोल गोल. तीच पावलं, तीच माती, घाण्याची तीच कुरकुर. ढवळ्याच्या डोळ्यांवर झापड बांधलेली असे, त्यामुळे त्याला वाटे, आपण कुठल्यातरी दूरच्या गावाला निघालो आहोत. भिवराच्या डोळ्यांवर झापड नव्हती. आपण कुठेही निघालेलो नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

भिवराला आईबाबा नव्हते. ती मामाच्या घरी वाढली. मामा कमी बोलायचा आणि मामी त्याच्या वाटचंही बोलायची. मामाची मुलगी इंदूताई भिवराहून सहा वर्षांनी मोठी होती. घरात कुणी दुष्ट नव्हतं. नुसते सगळे दमलेले होते, आणि माया करायचं दमलेल्या माणसांच्या लक्षात राहत नाही, एवढंच.

तेरावं वर्ष लागलं आणि भिवराच्या कपाळावर एक पुटकुळी आली. मोहरीएवढी, लालचुटुक. तिला एकटं वाटलं असावं, कारण आठवड्याभरात तिने सगळ्या बहिणींना बोलावून घेतलं. काही कपाळावर उतरल्या, काही गालांवर, दोन हनुवटीवर. काहींची टोकं पांढरी, काही नुसत्या काळ्या ठिपक्यांसारख्या. आणि डाव्या गालात खोलवर एक गाठ, जी वर यायचं नाव घेत नसे आणि हात लागला की ठणकायची.

घाण्यावर येणाऱ्या बायका तेल नेत आणि सल्ला ठेवून जात.

“लिंबू चोळ गं, वर मीठ लावून. असं करकरून,” शेजारच्या ठकूकाकू म्हणाल्या.

“त्यापेक्षा दंतमंजन लाव,” दुसरी म्हणाली. “माझ्या जावेच्या पोरीला लावलं होतं.”

“मग गेल्या का?”

“पुटकुळ्या नाही गेल्या, पण दात फार छान आहेत तिचे.”

“तळलेलं चोरून खात असेल,” तिसरी म्हणाली. भिवराला तळलेलं फक्त दिवाळीला मिळे. पण तिने ते सांगितलं नाही. सांगायलाही अंगात जोर लागतो.

मामीचा मात्र एकाच औषधावर विश्वास होता. घाण्याचं तेल. तेल डोक्याला, तेल गुडघ्याला, तेल दाराच्या बिजागरीला. “आपल्या तेलाने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही,” ती म्हणायची. रोज सकाळी ती ओंजळभर तेल भिवराच्या टाळूवर थापायची आणि उरलेला हात तिच्या कपाळावरून, गालांवरून फिरवायची. त्या हातात माया होती आणि तेल होतं. दिवस वर चढला की त्यातलं तेल तेवढं कपाळावरून ओघळत राही.

शिवाय कमरेची चिंधी. घाण्यावरच्या प्रत्येकाच्या कमरेला एक चिंधी खोचलेली असते, तेलाचे हात पुसायला. भिवरा त्या चिंधीने हात पुसायची, घागरीचं तोंड पुसायची, आणि घाम आला की त्याच चिंधीने चेहराही पुसायची. खसाखसा. जणू पुटकुळ्या पुसून जाणार होत्या.

माघ महिना होता. इंदूताईचं लग्न ठरलं, अक्षय्य तृतीयेचं. आता, करवली म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेलच. नवरीच्या पाठीशी करा घेऊन उभी राहते ती. तांब्याचा चकचकीत करा, त्यात पाणी, वर आंब्याची हिरवी पानं, नारळ, आणि त्यांच्या गावची रीत अशी की दुसऱ्या हातात तेवता दिवा. लहानपणी बाहुलीच्या प्रत्येक लग्नात भिवराच करवली असे, आणि इंदूताईने तिला शब्द दिला होता, “माझ्या खऱ्या लग्नातही तूच.” घाण्याभोवती फिरताना भिवरा त्या दिवसाचाच विचार करायची. तेवढी एकच वाट होती, जी तिला कुठेतरी नेणार होती.

एका सकाळी ती ढवळ्याला पाणी पाजत होती आणि आतून मामीचा आवाज आला.

“करवली म्हणून ठकूकाकूंची नात उभी करू म्हणते मी.”

“आणि भिवरा?” मामा म्हणाला.

“अहो, तोंड बघितलंत का पोरीचं? सोयरे म्हणतील, घरात काहीतरी रोग आहे. मला काय आनंद आहे का? दोन महिन्यांत बरं झालं तर बघू. नाही तर नाही.”

मामा काही बोलला नाही. तिथेच बसलेली इंदूताईही काही बोलली नाही. ढवळ्या पाणी पीत राहिला. भिवराने चिंधी काढली आणि डोळे पुसले, मग गाल पुसले, जोरात, पुन्हा पुन्हा, गाठ ठणकेपर्यंत.

त्याच दुपारी परी भेटली.

दुपारी घाणा तासभर थांबे. सगळे झोपत. तो तास म्हणजे भिवराचा एकुलता एक दागिना होता. त्या दिवशी झोपण्याआधी ती तेलाच्या घागरीवर झाकण ठेवायला गेली, तर आत काहीतरी चमचमलं. आधी तिला वाटलं, करडईची पाकळी पडली आहे. मग पाकळी शिंकली.

भिवराने ओंजळीत धरून तिला वर काढलं. अंगठ्याएवढी इवलीशी परी होती ती. करडईच्या फुलासारखा केशरी-पिवळा झगा, केसरांचा मुकुट, आणि पाठीवर चार नाजूक पंख, जे तेलाने एकमेकांना चिकटून गेले होते.

“काय बघतेस?” परी थकल्या आवाजात म्हणाली. “फुलावर बसले होते. डुलकी लागली. तुझ्या मामाने फुलासकट खुडून आणलं, आणि इथे येऊन मी तेलात पडले.”

“दुखतंय का गं?”

“दुखत नाही. उडता येत नाही. आणि करडई काढून झाली की मला परत जावं लागतं. तोवर पंख मोकळे झाले नाहीत तर राहिले मी इथेच, घागरीत.”

भिवराने झोपेकडे एकदा पाहिलं, म्हणजे ओसरीवरच्या आपल्या गोधडीकडे. मग ती परीला घेऊन परसात गेली. तिथे अबोली होती, जास्वंदीची झुडपं होती, पाण्याचं दगडी टाकं होतं. तिने वाटीत कोमट पाणी घेतलं. रिठ्याचा चिमूटभर फेस केला, ढगासारखा पांढरा, हलका. बोटाच्या टोकाने, अगदी हळू, तिने एकेक पंख भिजवला. चोळला नाही. ओढला नाही. फेस विरला की स्वच्छ पाणी सोडलं, आणि मऊ सुती कापडाच्या तुकड्याने नुसतं टिपून घेतलं.

“एका दिवसात व्हायचं नाही हे,” ती म्हणाली. “घाई केली तर पंख फाटेल. उद्या परत करू.”

दुसऱ्या दुपारी तिने परत तेच केलं. तिसऱ्या दुपारीही. तीन दुपारच्या तीन झोपा गेल्या. चौथ्या दुपारी परीने पंख झटकले आणि त्यांतून इंद्रधनुष्याच्या बारीक चुऱ्यासारखा रंग उडाला. ती उडून जास्वंदीच्या पानावर बसली.

“तीन झोपांच्या तीन इच्छा,” ती म्हणाली. “पण नियम ऐकून घे. नंतर लोक भांडायला येतात. स्वतःसाठी मागितलंस तर निम्मं काम मी करणार, निम्मं तू. दुसऱ्यासाठी मागितलंस, तर तुझ्या वाटची जादू तिकडे जाईल. तुझ्यासाठी उरणार नाही.”

“माझा चेहरा स्वच्छ कर,” भिवरा म्हणाली. तिला विचार करावाच लागला नाही. “आजच.”

परीने उसासा टाकला. “सगळ्यांना आजच हवं असतं. अगं, एका रात्रीत फक्त बुरशी येते. मी फुलपरी आहे. कळीला जेवढे दिवस लागतात, तेवढेच माझ्या जादूला लागतात. दीड-दोन महिने धर.”

भिवराने बोटांवर मोजलं. अक्षय्य तृतीया अगदी काठावर येत होती.

“आणि माझं निम्मं काम काय?”

परी पानावरून तिच्या हातावर आली. “माझे पंख कसे धुतलेस?”

“हळू.”

“आणि स्वतःचा चेहरा?”

भिवराने कमरेच्या चिंधीकडे पाहिलं. ती काळपट झाली होती आणि तिला मागच्या आठवड्याच्या तेलाचा वास येत होता.

“माझ्या पंखांना ही लावली असतीस?”

“छे.”

“मग?” परी म्हणाली.

त्यानंतर परीने सांगितलं ते काही मोठं मंत्रबिंत्र नव्हतं. सकाळी एकदा, काम संपल्यावर एकदा, कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने तोंड धुवायचं, बोटांनी, पंख धुतल्यासारखं. दहा वेळा धुतलं तर दहापट स्वच्छ होतं असं नाही, उलट कातडी रुसते. धुतलं की टिपायचं, घासायचं नाही. टिपायचं कापड वेगळं, ते कमरेला खोचायचं नाही. उशाचं फडकं दर दोन-चार दिवसांनी धुऊन उन्हात टाकायचं. तेल केसांना चालेल, कपाळाला नको, आणि बटा तोंडावर येऊ द्यायच्या नाहीत.

“लिंबू?” भिवराने विचारलं.

“लिंबू वरणावर.”

“मीठ?”

“तेही वरणात. आणि नखं तर अजिबात नकोत. एक फोड फोडलीस की माझे सात दिवस वाया जातात, वर डाग राहतो तो वेगळाच.”

“परी, मी काही पाप केलंय का? ठकूकाकू म्हणतात, मनात असतं ते तोंडावर येतं.”

“तसं असतं तर ठकूकाकूंचं तोंड बघवलं नसतं,” परी म्हणाली. “वय वाढतं तेव्हा कातडीखाली तेलाचे इवले इवले घाणे जोरात फिरायला लागतात. तेल जास्त होतं, वाटा बुजतात, पुटकुळ्या येतात. त्यात तुमचं हे वरून थापलेलं. तू काही केलेलं नाहीस, बाळे.”

कितीतरी दिवसांत भिवराला कुणी बाळे म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरले. तिने ते बोटाने टिपले.

आता अडचण अशी होती की सकाळ झाली आणि मामी तेलाची वाटी घेऊन आली. भिवरा गप्प बसली आणि तेल गालांवर फिरलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दुपारी ती परसात जाऊन म्हणाली, “दुसरी इच्छा. मामीने मला तेल लावणं थांबवावं.”

“दुसऱ्याचे हात माझ्या ताब्यात नसतात,” परी म्हणाली. “तोंड उघडायचं धाडस देऊ शकते. एकदाच पुरेल इतकं.” आणि तिने भिवराच्या ओठांवर केशरी परागांचा एक कण ठेवला. त्याची चव थोडी कडू होती.

सकाळी भिवरा म्हणाली, “मामी, केसांना लाव. तोंडाला नको.”

मामीचा हात हवेत थांबला. “का? माझ्या हाताला काटे आलेत?”

“हात हवाय. तेल नकोय.”

“शिंगं फुटली आता,” मामी पुटपुटली. पण तेल केसांपाशी थांबलं, आणि वेणीही तिने घट्ट मागे बांधून दिली.

दिवस जाऊ लागले. जादू बघायला मिळेल म्हणून भिवरा रोज पितळी परातीच्या पाठीत चेहरा बघायची, आणि रोज तिला कालचाच चेहरा दिसायचा. घाण्यासारखंच होतं हेही. धुवा, टिपा, धुवा, टिपा. गोल गोल. एकोणिसाव्या दिवशी ती इतकी कंटाळली की तिने हनुवटीवरची एक पांढरी पुटकुळी नखांत धरून दाबलीच. ती बोराएवढी सुजली. भिवरा खाली मान घालून परीकडे गेली.

“रागावलीस?”

“दमलेल्या माणसावर काय रागवायचं,” परी म्हणाली. “सात दिवस गेले. चल, परत सुरू कर.” मग ती तिच्या डाव्या गालाजवळ उडत आली, बारकाईने पाहिलं आणि गंभीर झाली. “पण ही खोल गाठ माझ्या हातची नाही. अशा गाठींना डॉक्टरच लागतात. वेळेवर नाही गेलं तर खड्डा राहतो. तालुक्याला कातडीच्या डॉक्टरीणबाई बसतात.”

“तू परी आहेस ना?”

“परी आहे म्हणूनच सांगते. आपलं काय नि दुसऱ्याचं काय, हे मला कळतं.”

मामा दर बाजारी तेलाचे डबे घेऊन तालुक्याला जायचा. भिवराने त्याला गाल दाखवला आणि एवढंच म्हणाली, “मामा, ठणकतं.” मामाने गाठीकडे पाहिलं, भिवराकडे पाहिलं, आणि डब्यांच्या मध्ये तिच्यापुरती जागा करून दिली. वाटेत तो एकच वाक्य बोलला. “आधी सांगायचंस.”

डॉक्टरीणबाईंनी ठणकणाऱ्या गाठीसाठी गोळ्या दिल्या आणि एक छोटी नळी दिली. “झोपताना वाटाण्याएवढं मलम, सगळ्या तोंडाला पातळ लावायचं. नुसत्या पुटकुळीवर थापायचं नाही. सुरुवातीला कातडी कोरडी पडेल, तेव्हा हे दुसरं साधं मलम. उन्हात जाताना तोंडावरून ओढणी घे. आणि महिन्याच्या आत मला विचारायला येऊ नकोस की अजून का गेल्या नाहीत.”

परीने हे ऐकलं आणि म्हणाली, “शहाणी बाई आहे. आमच्यातली असावी.”

फाल्गुन सरला. शेतात करडई वाळली आणि हाताला कापड गुंडाळलेल्या बायकांनी ती कापून नेली. बांधावर एकच झुडूप उरलं, त्यावर एकच उशिरा आलेलं केशरी फूल, आणि त्यात परी. आणि मग एका सकाळी परातीच्या पाठीत भिवराला कालचा चेहरा दिसला नाही. कपाळ निवळलं होतं. गाठ बसली होती. गालांवर फिकट डाग होते, हनुवटीवर दोन-तीन हट्टी पुटकुळ्या होत्या, पण मधूनमधून तिचा स्वतःचा चेहरा दिसायला लागला होता, धुक्यातून शेत दिसावं तसा. लग्नाला बारा दिवस होते.

लग्नाला पाच दिवस उरले आणि इंदूताईच्या गालावर एक पुटकुळी आली. एकच. पण नवरीच्या गालावरची.

इंदूताईने ती आधी नखाने फोडली. मग ठकूकाकूंचं ऐकून लिंबू चोळलं, मीठ लावून, करकरून. दुपारी भिवरा ओसरीवर आली तेव्हा इंदूताई भिंतीकडे तोंड करून बसली होती. अर्धा गाल भाजल्यासारखा लालभडक झाला होता.

“जा तू,” इंदूताई म्हणाली. “बरं झालं म्हण. तुझ्यासाठी मी त्या दिवशी एक शब्द काढला नव्हता.”

“ऐकलं होतं मी.”

“मग?”

“मग काय. हात खाली घे, बघू दे.”

तिने गार पाण्यात स्वच्छ कापड भिजवून त्या गालावर हलकेच ठेवलं. इंदूताईचे खांदे हळूहळू खाली आले. तीही दमली होती. लग्न ठरल्यापासून प्रत्येक जण तिला फळासारखं उलटून-पालटून बघत होता.

भिवरा बांधावर गेली. फुलाची पाकळी न् पाकळी सुकत आली होती.

“तिसरी इच्छा,” ती म्हणाली. “इंदूताईचा गाल.”

“नियम आठवतो?” परीने विचारलं. “तुझ्या वाटची जादू जाईल. तुझ्या अजून दोन-तीन आहेत. डाग आहेत. करवली तू होशील की नाही, ते अजून ठरलेलं नाही.”

भिवरा थोडा वेळ बांधावर बसून राहिली. इथे ती लगेच हो म्हणाली असं मी लिहिलं असतं, पण ती लगेच म्हणाली नाही. तिने दोन महिने धुतलं होतं, टिपलं होतं, वाट बघितली होती. तिला तो करा हवा होता. मग ती उठली आणि म्हणाली, “दे तिला.”

“पाच दिवसांत फूल होत नाही,” परी म्हणाली. “लाली उतरेल. पण त्या गालाला पाण्याशिवाय आणि डॉक्टरीणबाईंच्या त्या साध्या मलमाशिवाय काहीही लागता कामा नये. काहीही म्हणजे काहीही.”

तिसऱ्या दिवशी हळद होती. पाटावर इंदूताई, समोर वाटीत पिवळीधमक हळद, तेलात कालवलेली, आणि भोवती पाच सवाष्णी. ठकूकाकूंनी बोटं बुडवली आणि रीतीप्रमाणे पहिला हात गालाकडे नेला.

“गालाला नको,” भिवरा म्हणाली.

सगळ्या वळल्या. तिच्या ओठांवर परागांचा कण नव्हता. धाडसाची इच्छा केव्हाच वापरून झाली होती. आता जे होतं ते तिचं स्वतःचं, आणि ते फार नव्हतं.

“पायाला लावा, हाताला लावा. गाल भाजलाय तिचा.”

“बघा बाई,” ठकूकाकू म्हणाल्या. “मुरुमांची पोर आता नवरीला शिकवणार. गालाला हळद नाही म्हणजे अपशकुन.”

मामी भिवराच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिने दोन महिन्यांत तो नीट बघितलाच नव्हता, हे तिचं तिलाच कळत होतं. मग तिने पुढे होऊन वाटी उचलली आणि इंदूताईच्या पावलांना हळद लावली.

“आमच्याकडे पायापासून सुरू करतात,” ती शांतपणे म्हणाली.

“कधीपासून?”

“आजपासून.”

अक्षय्य तृतीयेची सकाळ सोनसळी उजाडली. मांडवाला आंब्याची तोरणं, झेंडूच्या माळा, दारात रांगोळीचे मोर. इंदूताईच्या गालावर फक्त गुलाबी सावली उरली होती. आणि भिवराच्या हनुवटीवर त्याच दिवशी पहाटे एक नवी कोरी, टपोरी पुटकुळी आली होती. तिने परातीच्या पाठीत ती पाहिली आणि परात खाली ठेवली. नखं लावली नाहीत. तिने नेहमीसारखं तोंड धुतलं, टिपलं, आणि ती लोकांना पाणी द्यायला मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

ठकूकाकूंची नात नवी साडी नेसून तयार होती. तिने करा घेतला. पण इंदूताई उंबरठ्यावरून हलेना.

“करवली कुठाय माझी?” ती म्हणाली.

“ही काय, उभी आहे की,” कुणीतरी म्हणालं.

“ही नाही. मी शब्द दिला होता. मागे भिवरा नसेल तर मी बोहल्यावर जात नाही. त्या दिवशी बोलले नाही, आज बोलते.”

मामा उठला, मागच्या दाराशी गेला आणि भिवराच्या हातातला पाण्याचा तांब्या काढून घेतला. “चल,” तो म्हणाला.

मामी पुढे आली. सवयीने तिचा हात तेलाच्या वाटीकडे गेला. मग तिने तो पदराला नीट पुसला, एकदा, दोनदा, आणि उलट्या, कोरड्या बोटांनी भिवराच्या गालाला स्पर्श केला.

“लेकराचा गाल कसा मऊ आहे,” ती म्हणाली. “मला कधी कळलंच नाही. मध्ये नेहमी तेल असायचं.”

भिवराने एका हातात करा घेतला, दुसऱ्या हातात दिवा. दिव्यात त्यांच्याच घाण्याचं करडईचं तेल होतं. नवरानवरीने अग्नीभोवती फेरे धरले आणि रीतीप्रमाणे करवली त्यांच्या मागून चालू लागली. गोल गोल. भिवराला हसू आलं. इथेही गोलच होतं. पण इंदूताईने मागे हात करून तिच्या मनगटाला धरलं होतं, आणि पायांखालची माती नवी होती.

तेवढ्यात दिव्याची ज्योत हलली. तिच्यात करडईच्या पाकळीएवढी परी बसली होती, केशरी ज्योतीत केशरी झगा.

“हनुवटीवर एक आलीये,” ती फक्त भिवरालाच ऐकू येईल इतकं हळू म्हणाली.

“माहीत आहे,” भिवरा पुटपुटली. “जादू संपली ना माझी.”

“तुझी जादू केव्हाच संपली होती. पहिल्या आठवड्यातच. पुढचं सगळं तुझे हात, डॉक्टरीणबाईंचं मलम आणि दिवस, इंदूताईच्या गालाचंही. मी नुसती सोबत बसले होते. एकटीने वाट बघणं फार कठीण असतं, म्हणून.”

“आता जाणार?”

“शेत रिकामं झालं. पंख मोकळे आहेत.” तिने ते पसरले, चारही, आणि त्यांवर तेलाचा एक थेंबही नव्हता. “तेल इथे किती छान दिसतं, नाही? दिव्यात.”

ज्योत एकदम मोठी झाली. केशरी, मग सोनेरी, मग पांढरीशुभ्र. मांडवातल्या प्रत्येक दमलेल्या चेहऱ्यावर तो उजेड पडला, मामीच्या, मामाच्या, अगदी ठकूकाकूंच्याही, आणि त्या उजेडात डाग काय नि सुरकुत्या काय, सगळेच चेहरे क्षणभर ताजे धुतल्यासारखे दिसले. मग ज्योत पुन्हा दिव्याएवढी झाली. आत कुणी नव्हतं.

सातव्या दिवशी हनुवटीवरची पुटकुळी गेली. मग एक दुसरी आली, तीही गेली. भिवराच्या कमरेला अजून चिंधी असते, हातांसाठी. तोंडासाठीचं मऊ कापड खुंटीला वेगळं असतं. दुपारी घाणा थांबला की ती झोपते, आणि मामी कुणाला आवाज करू देत नाही.

दिव्यात तेल होतं तोवर दिवा तेवला, आणि दिवा होता तोवर ही गोष्ट.